दोन कोप्या अन् जोडीचे तारे

परवा येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात एक मजा झाली... मी सांगून राहिले, नात पूजा टाइप करून राहिली. मधे तिनं आपलं काही घुसडलं तर तुम्हीच ओळखा.

पूजा नांदेडला कॉलेजात शिकते. आकाशात म्हणे जोडीचे तारे असतात, अन् त्यांच्याभोवतीची धूळ गोळा होऊन ग्रह बनतात. पण दुसरा तारा फार जवळ असला की धूळ ढवळून निघते, गोळा जमत नाही... म्हटलं, दोन सुना एकच परात ओढायल्या तर बाजरीचे उंडे वळतील कसे?

कधी भटकत आलेला परका ग्रहही हे तारे धरून ठेवतात म्हणे. म्हणजे घरजावईच की.

आमचं कंधारजवळचं शेत वाटून झालं, तेव्हापासून माझी दोन पोरं एकमेकांशी बोलत नाहीत. येळवशीला सगळं घरदार शेतात कडब्याची झोपडी, कोपी उभारून जेवतं, पण आमच्या कोप्या दोन... मधल्या बांधाच्या, धुऱ्याच्या अल्याड एक, पल्याड एक. मी मधे. थोरल्याची शेंगा-भाज्यांची भज्जी खाल्ली की धाकट्याचं तोंड वाकडं, धाकट्याची आंबील प्याले की थोरला फुगलेला.

यंदा तर दोघांचा हट्ट, आई जेवली तर माझ्याच कोपीत. पूजाला विचारलं, अशा जोडीत ग्रह टिकतो तरी कुठं?

"एकाला अगदी चिटकून, नाहीतर दोघांपासून लांब. मधे आला की बाहेर फेकला जातो, आजी."

पटलं. दरसाल मीच तर फेकली जायले...

दोन्ही कोप्या सोडून लांब विहिरीपाशी, लिंबाखाली घोंगडी टाकून बसले. पूजाच्या हाती निरोप धाडला... भूक लागली, पण गुडघे उठू देईनात. गुडघे ठणठणीत होते, हे इथंच सांगते.

सणाला आई उपाशी कशी ठेवायची? थोरला भज्जी-उंड्यांचं ताट घेऊन आला, धाकटा आंबिलीचं मडकं. दोघं दोन दिशांना तोंड करून उभे.

"मी एकटी जेवत नसते. बसा."

बसले. धाकट्यानं न बघताच वाटी थोरल्यापुढं सरकवली. थोरला प्याला...

"मीठ कमी हाय."

"तुझ्या भज्जीत लई हाय. व्हतंय बराबर."

वाटणीनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं, ते मिठावरून. मी आपली खाली मान घालून उंडा मोडत बसले.

पूजा म्हणते, ग्रहानं ताऱ्यांभोवती फिरायचं असतं, इथं तारेच तुझ्याभोवती फिरले. असेल बाई. त्या लांबच्या ताऱ्यांचे उपकार... पुढच्या येळवशीलाही एका सुनेचा हात मिठाला आखडो, अन् दुसरीचा सैल सुटो.