उत्तर तिप्पट येत होतं

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला दिवाळीच्या सुट्टीसाठी सरांनी फिजिक्सची आणि कॅल्क्युलसची गणितं दिली होती. सुट्टी संपली की एकेकाला फळ्यावर बोलावणार होते. पहिल्या चाचणीत मी नापास झाले तेव्हा ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "दिवेआगरला पर्यटकांना जेवण वाढायला एवढं गणित पुरे."

दिवेआगरच्या आमच्या घरी पर्यटकांना द्यायच्या खोल्या तेव्हा भरलेल्या होत्या. मी मागच्या पडवीत, सोललेल्या नारळांच्या ढिगाशेजारी बसले होते. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्यांची गणितं कशीबशी सुटली. अडले ती टाकीपाशी. उलट्या शंकूसारखी टाकी, वरून एकाच वेगाने पाणी पडतंय. टाकी निम्म्या उंचीपर्यंत भरली की पातळी किती वेगाने चढत असेल? माझं उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या तिप्पट येत होतं. पुन्हा केलं, पुन्हा तिप्पट. मी कागद चुरगाळून फेकला.

ताटं न्यायला आलेल्या वहिनीने तो उचलून उलगडला. पूर्वी ती म्हसळ्याला बीएस्सी करत होती. लग्न ठरलं आणि दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं. घरात तो विषय कुणी काढत नसे.

"त्रिज्येची किंमत आधीच घातलीस," ती म्हणाली.

"मग? दिलीय ना गणितात."

"ती त्या क्षणाची. पाणी चढतंय तशी त्रिज्याही वाढतेय. तू शंकूचा डबा केलास."

मला राग आला. "तुला अजून आठवतं हे?"

तिने ताटं खाली ठेवली, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि टाकीची आकृती काढायला लागली.

स्वयंपाकघरातून आईची हाक आली. "पाहुणे पानावर बसलेत गो! आमटी कोण वाढणार?"

"त्रिज्या आधी उंचीत लिही," वहिनी मला म्हणाली. "मग डेरिव्हेटिव्ह."

"अगो, ऐकू येतंय ना?"

वहिनीने मान वर केली नाही. "आई, पाच मिनिटं."

तीन वर्षांत ती आईला असं कधी बोलली नव्हती. माझा हात थांबला. आई आमटीचं पातेलं घेऊनच दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं, वहिनीच्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं, आणि स्वतः वाढायला गेली. तो सबंध दिवस तिने वहिनीशी अबोला धरला.

"लिही," वहिनी म्हणाली. मी लिहिलं. उत्तर जुळलं.

कॉलेज सुरू झाल्यावर सरांनी मला नेमकं तेच गणित दिलं. "डेरिव्हेटिव्हच्या आधी किंमत का नाही घातली?" त्यांनी मध्येच अडवलं. मी सांगितलं, किंमत घातली असती तर त्रिज्या बदलतच नाही असं झालं असतं. सरांनी फळ्याकडे पाहिलं. "बस," म्हणाले, आणि पुढच्या मुलाला उठवलं.

मी रात्री फोनवर हे सांगितलं तेव्हा वहिनी हसली नाही. "त्या पुस्तकाची जुनी प्रत मिळेल का गं?" तिने विचारलं.

पुढच्या जूनमध्ये तिने म्हसळ्याच्या कॉलेजात पुन्हा नाव घातलं. आईची कुरकूर चालूच होती, पण सकाळची एसटी चुकू नये म्हणून डबा तीच भरायची. पहिल्या परीक्षेत वहिनी केमिस्ट्रीत नापास झाली. पुन्हा बसली.