अंतर ठेवण्याचा कोर्स

मेसेज आला तेव्हा मी लॅबमध्ये रंगाचा नमुना उजेडात धरून बघत होते. शारजाच्या उत्तरेकडच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका पेंट कंपनीत मी क्वालिटीचं काम करते. मेसेज ट्रॅफिकच्या दंडाचा होता. पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवलं नाही, म्हणून दंड आणि लायसन्सवर ब्लॅक पॉइंट्स. सोबत फोटो होता. माझी पांढरी गाडी आणि तिच्यापुढे एक पिकअप, इतकी जवळ की पिकअपच मला दोरीने ओढून नेते आहे असं वाटावं.

दंडापेक्षा मला लाज जास्त वाटली. शारजातले बहुतेक लोक सकाळी दुबईच्या दिशेने निघतात आणि तासन्‌तास जॅममध्ये बसतात. मी उलट्या दिशेला जाते. माझा रस्ता मोकळा असतो. म्हणजे गर्दीचं कारणही मला देता येत नव्हतं. पूर्वी सहा वर्षं मी दुबईला नोकरी केली, तिथे जाताना फट ठेवली की कुणीतरी घुसणारच, म्हणून बंपरला बंपर लावायची सवय लागली. नोकरी बदलली, रस्ता बदलला, सवय तशीच राहिली.

संध्याकाळी जेवताना मी हे घरात सांगितलं, फोटोही सगळ्यांना दाखवला. नवऱ्याने दंडाचे दिरहम लगेच रुपयांत करायला घेतले, मी म्हटलं, "राहू दे, मला आकडा ऐकायचा नाही."

"मम्मा, यू ऑलवेज टेल पापा टू स्लो डाउन," आमची लेक म्हणाली. ती बारा वर्षांची आहे आणि अशा वेळी तिची स्मरणशक्ती फार चांगली असते.

"ऑनलाइन कोर्स कर," नवरा म्हणाला. "डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा. ऑफिसमधल्या एकाने केला होता. परीक्षा पास झालीस की पॉइंट्स कमी होतात."

माझे सासरे टेबलाच्या टोकाला आमटीभात जेवत होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. ते दोन महिन्यांसाठी साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. अप्पांनी तीस वर्षं सरकारी लाल बस चालवली, त्यातली बरीचशी घाटात. पण माझ्या गाडीत बसल्यावर माझ्या ड्रायव्हिंगबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशीही ते एवढंच म्हणाले, "कोर्स कधी आहे? मीही बसतो."

शनिवारी सकाळी मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. अप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. मी लॉगिन केलं, कॅमेऱ्याने माझा चेहरा तपासला, पहिला व्हिडिओ सुरू झाला आणि दहाव्या सेकंदाला थांबला. स्क्रीनवर सूचना आली की एकापेक्षा जास्त व्यक्ती दिसत आहेत.

"काय म्हणतंय?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही दिसताय, म्हणतंय."

"मग दिसू दे की. मी काय चोर आहे?"

पण कॉम्प्युटर ऐकेना. शेवटी अप्पा टेबलाच्या पलीकडे, लॅपटॉपच्या पाठीमागे जाऊन बसले. त्यांना काहीच दिसत नव्हतं. व्हिडिओ इंग्लिशमध्ये होता, म्हणून तो पॉज करून मी त्यांना मराठीत सांगायचे, आणि ते परीक्षकासारखे मान हलवायचे. व्हिडिओ पुढे पळवता येत नव्हता. खिडकी बदलून व्हॉट्सॲप बघितलं तरी तो थांबायचा. लेक मधूनच येऊन "आर यू स्टिल ऑन चॅप्टर वन?" असं विचारून जायची.

आरसे, टायर, सीटबेल्ट इथपर्यंत अप्पांची काही तक्रार नव्हती. हॉर्नचा भाग आला आणि वाद सुरू झाला.

"धोका असेल तरच वाजवायचा, म्हणतात," मी सांगितलं.

"मग वळणावर?"

"इथे वळणं नाहीत, अप्पा."

"नसतील. पण कोर्स म्हटला की पूर्ण पाहिजे. यांना एकदा घाटात आणा."

नंतरचा धडा माझ्या गुन्ह्याचा होता. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सेकंद मोजायचे, किमान दोन-तीन सेकंदांनी आपली गाडी त्या खांबाजवळ पोचली पाहिजे. मी हे सांगितलं तेव्हा अप्पांची हलणारी मान थांबली. मग म्हणाले, "सेकंद नाही मोजायचे. माणूस घाईत असला की सेकंदही घाईत मोजतो. पाचवड, वाई, पाचगणी, महाबळेश्वर म्हणायचं. सावकाश."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता. मी व्हिडिओ थांबवला.

"नोकरीचं दुसरं वर्ष होतं," ते म्हणाले. "पंचविशीचा होतो, अंगात मस्ती होती. वाईच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर पुढे होता, मी अगदी त्याच्या ट्रॉलीला चिकटलेलो. त्याच्यापुढे म्हैस आली, तो थांबला, मी थांबेपर्यंत गाडी ट्रॉलीवर गेली. पॅसेंजरांना खरचटण्यावर भागलं. पण कंडक्टर तिकिटं फाडत उभा होता. त्याचं तोंड दांड्यावर आपटलं. पुढचे तीन दात गेले."

"मग?"

"मग काय. महिनाभर रजेवर होता. माझा मित्र होता तो, एका ताटात जेवायचो आम्ही. मला वाटलं आता दुसरी ड्यूटी मागून घेईल. तर पहिल्याच दिवशी माझ्याच गाडीवर आला. एक अक्षर बोलला नाही. फक्त माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला. आणि मी कुठल्या गाडीच्या जवळ गेलो की मोठ्याने ओरडायचा, पाचवड, वाई, पाचगणी, महाबळेश्वर. त्याचं म्हणून होईपर्यंत पुढची गाडी जिथून गेली तिथे आपली पोचता कामा नये. पोचली तर पुन्हा पहिल्यापासून. पॅसेंजरांना वाटायचं स्टॉप सांगतोय. एकदा एक म्हातारी वाई आलं समजून भर रस्त्यात गाठोडं घेऊन उठली."

मला हसू आवरेना. अप्पाही हसले, मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसले.

"दात गेल्याने त्याला महाबळेश्वर नीट म्हणता यायचं नाही," ते म्हणाले. "दर वेळी ते ऐकून मला कसंतरी व्हायचं. वर्षभर त्याने हे केलं. नंतर माझं मीच मनात म्हणायला लागलो. रिटायर होईपर्यंत म्हणत होतो. तुझ्या सासूला यातलं काही माहीत नव्हतं. पोरांनाही नाही."

एवढ्यात स्क्रीनवर सूचना आली की बराच वेळ काही हालचाल नाही, कोर्स बंद करायचा आहे का. मी घाईने बटण दाबलं. चहा करून पुढचे धडे आम्ही दुपारपर्यंत संपवले.

परीक्षेच्या वेळी अप्पा स्वतःहून बाल्कनीत जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दारही लावून घेतलं. "उगाच माझ्या तोंडून उत्तर निघायचं," म्हणाले. काचेतून ते मला दिसत होते, हात मागे बांधून खालचं पार्किंग बघत होते. माझी दोन उत्तरं चुकली, तरी पास झाले. दार उघडून मी सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चुकलेली दोन विचारली. त्यातलं एक हॉर्नचं होतं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नात पाया पडले होते, त्यानंतर प्रथमच.

दुसऱ्या दिवशी आम्हाला अबू धाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीत राहणाऱ्या माझ्या नणंदेकडे जेवायला जायचं होतं. नवरा किल्ली घ्यायला लागला तर अप्पा म्हणाले, "आज ती चालवेल." आणि भारतातल्या सवयीने डावीकडचं, म्हणजे इथलं ड्रायव्हरचं, दार उघडून ते स्टिअरिंगसमोर जाऊन उभे राहिले. मग हसत फिरून माझ्या उजवीकडे येऊन बसले.

हायवेला लागल्यावर मी एक खांब धरला आणि हळू आवाजात म्हणायला सुरुवात केली. वाईपर्यंत आले तेवढ्यात एक व्हॅन माझ्यापुढच्या फटीत घुसली. माझे दात आवळले गेले.

"आली तर येऊ दे," अप्पा म्हणाले. "पुन्हा पाचवडपासून धर."

मी वेग थोडा कमी केला आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा एक गाडी घुसली, मग आणखी एक. पहिल्या पाच-सहा गाड्यांचा मला राग आला. नंतर राग आणायचाही कंटाळा आला आणि गंमत म्हणजे खांदे सैल पडले. इतकी वर्षं मी खांदे कानाला लावून गाडी चालवत होते हे मला त्या दिवशी कळलं. मागच्या सीटवर लेक कुठल्याही दोन गाड्यांच्या मध्ये बघून "पाच्वड, वाय, पंचगनी" करत दुसऱ्या ड्रायव्हरांना नापास करत होती. हा काय प्रकार आहे ते नवऱ्याला कळत नव्हतं. मी अप्पांकडे पाहिलं, अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

आम्ही पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो. नणंदेने पुरणपोळ्या झाकून ठेवल्या होत्या.

"इतका वेळ कसा लागला? जॅम होता?" तिने विचारलं.

"तिच्या कोर्समुळे," नवरा म्हणाला. "सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आम्ही. आणि ही दोघं रस्ताभर महाबळेश्वरला निघाली होती. कोणी मला सांगेल का काय चाललंय?"

मी काही बोलणार नव्हते. अप्पांनी पोळीवर तूप घेतलं, वाटी बाजूला सरकवली आणि त्यांनीच सुरुवात केली. ट्रॅक्टर, म्हैस, ट्रॉली, मित्राचे दात, सगळं सांगितलं. नवऱ्याचा हात ताटातच थांबला. नणंदेचे डोळे भरून आले, आणि मग ती चिडली. "अप्पा, ते काका आपल्याकडे दर दिवाळीला यायचे. मी त्यांना विचारलं होतं दात कसे पडले. ते म्हणाले, चिक्की खाताना."

"मी सांगू नको म्हटलं होतं," अप्पा म्हणाले. "त्याने शेवटपर्यंत नाही सांगितलं."

"मग आज का सांगितलं?" नवऱ्याने विचारलं.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "हिने फोटो घरात सगळ्यांना दाखवला. लपवला नाही. मला वाटलं, मी कशाला लपवतोय एवढी वर्षं."

लेकीने आणखी एक पोळी मागितली, नणंद उठली, आणि जेवण पुढे सुरू झालं.

चहा झाल्यावर आम्ही निघालो. परतताना नवऱ्याने गाडी घेतली. अप्पा त्याच्या शेजारी बसले, मी मागे. पोट भरलेलं होतं, ऊन उतरलं होतं. पुढून नवऱ्याचा आवाज येत होता, "अप्पा, आता ठीक आहे का? आता?" आणि अप्पांचा, "अजून थोडं." मी लेकीच्या खांद्यावर डोकं टाकलं, आणि शारजा येईपर्यंत मला जाग आली नाही.