चिंचेची काठवट

लालमहंमदला रिटायर होऊन वर्ष झालं, तरी त्याचे हात काही बसायला तयार नव्हते. कंपनीत तो टर्नर होता, लेथच्या यंत्रावर गाड्यांचे लोखंडी भाग कातायचा. लोखंडाचा जॉब एकदा मापात उतरवला की तो मापातच राहतो, या एका भरवशावर गड्यानं जन्म काढलेला. घरात करमेना, म्हणून त्यानं भंगारातून जुनं लेथ आणलं आणि रस्त्यासाठी पाडलेल्या झाडांच्या ओंडक्यांतून वाडगे कातायला लागला.

थेरगावच्या गोजाबाईंच्या दारातली चिंच रस्तारुंदीत गेली. लाकूड न्यायला आलेल्या ट्रकवाल्याशी भांडून त्यांनी दोन ओंडके तेवढे ठेवून घेतले आणि लालमहंमदकडे पाठवले. "भाऊ, ह्याची काठवट करून द्या. भाकरीचं पीठ मळीन त्यात," एवढंच त्यांचं मागणं.

त्यानं काठवट झकास कातली. सकाळी बघतो तर ती लांबट झालेली. ओलं लाकूड वाळताना आकसतं, तेही एका अंगानं जास्त. त्याला महिनोन्‌महिने वेळ द्यावा लागतो. पण दम धरणं या गृहस्थाच्या रक्तातच नाही. त्यानं ती परत लेथवर चढवून गोल केली. दुसऱ्या दिवशी परत लांबट, परत लेथवर. तोही हट्टाला पेटला. शेवटी बूड पापडासारखं पातळ झालं आणि हत्यार आरपार गेलं.

आता एकच ओंडका उरला होता. तोही बिघडला, तर गोजाबाईंच्या हाती त्यांच्या चिंचेचं काहीच लागणार नव्हतं. या धास्तीनं त्याची झोप उडाली. मग त्यानं काय करावं? दुसरी काठवट कातली आणि सकाळ-संध्याकाळ तिला मापं लावत बसला.

एक दिवस काठवट गायब. त्यानं गव्हाची कोठी उपसली, पलंगाखाली शिरून कंबर आखडून घेतली. बायको खैरुन्निसा निवांत लसूण सोलत होती.

"गोजाबाईंना देऊन आले," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या हातून वाचवायची होती."

स्कूटर काढून तो तडक थेरगावला पोचला. गोजाबाई त्याच काठवटीत पीठ मळत होत्या. ती चांगलीच लांबट झाली होती. त्यानं हात पुढं केला.

"वहिनी, द्या ती. एवढी गोल करून आणतो."

"देत न्हाई."

"अहो, वाकडी झालीय. लोक म्हणतील, ही लालमहंमदनं केली?"

"चिंच तरी कुठं गोल व्हती, भाऊ?" म्हणत गोजाबाईंनी पिठाच्या हातांनी काठवट मांडीजवळ ओढून घेतली.

लालमहंमदला एकदम भरून आलं. आयुष्यभर त्याचे जॉब पेट्यांत भरून निघून गेले. कुठल्या गाडीत बसले, ते त्याला कधी कळलं नाही. त्याच्या हातच्या वस्तूसाठी "देत न्हाई" असं त्याला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.