पुसलेले हात

ऑफिसात तिला सगळे खोडरबरताई म्हणत. जाहिरातींच्या फोटोंवरून नको ते पुसण्यात तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. मुरुमं, सुरकुत्या, विजेच्या तारा, एकदा तर मालकाच्या मेव्हण्याचं पोट! पुसल्याचा संशयसुद्धा येऊ नये, असा हात.

मग चौकाचौकांत मोठे पडदे लागले आणि फोटोंनी हलायला हवं असा हुकूम सुटला. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, तरी ती मुकाट्याने शिकली. पापणी लववायची, केस उडवायचे, आठ सेकंदांत सगळं आटोपून पुन्हा पहिल्यापासून.

रंगाच्या कंपनीचा फोटो तिनेच पूर्वी साफ केलेला. नव्याने रंगवलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर आठ महिन्यांचं बाळ एकटंच बसून खिदळतंय. एकटं कसलं, त्याचा बाप कट्ट्याआड दडून दोन्ही हातांनी त्याची कंबर धरून होता. ते हात तिने पुसले आणि तिथे झबल्याच्या चुण्या काढल्या. फोटो स्थिर होता तोवर कुणाला काही वाटलं नाही. आता बाळ हसता हसता खिडकीबाहेर झुकायचं आणि मागे यायचं. करतानाच तिला ते खटकलं होतं, पण साहेब ‘झकास’ म्हणाले आणि बाळ चौकातल्या पडद्यावर लागलं.

तिसऱ्या दिवशी लेक नातीला घेऊन घरी आली ती हेल्मेटसकट खुर्चीत बसली.

"आई, तुझं ते बाळ चौकातून काढायला सांग."

"का गं?"

"ही स्कूटरवर पुढे उभी असते ना. बाळ झुकलं की त्याला धरायला हात पुढे करते. आज चालत्या गाडीवर हँडल सोडलं हिने. मी गुडघ्यांत आवळली म्हणून वाचली."

तीन वर्षांची नात चपला काढत होती.

सकाळी ती चौकात जाऊन उभी राहिली. बाळ झुकलं. एका बाईने हातातली पिशवी टाकून हात वर केले. एका गाडीने करकचून ब्रेक मारला, मागची थोडक्यात वाचली. आठ सेकंदांनी बाळ पुन्हा झुकलं.

साहेब मात्र खुशीत होते. "अहो ताई, लोक थांबून बघतायत, आणखी काय हवं? कंपनी म्हणते, अजून थोडं झुकवा."

तिने झुकवलं नाही. मूळ फाईल शोधली, बापाचे हात उचलून बाळाच्या कमरेला लावले आणि कुणाला न विचारता पडद्याकडे पाठवून दिलं.

साडेपाचला साहेब टेबलाशी आले. "हे हात कुणाचे?"

"त्याच्या बापाचे."

"उद्या सकाळपर्यंत ते गेले पाहिजेत."

"मी नाही पुसणार."

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. तिथल्या मुलीला हे काम तिनेच शिकवलं होतं, चांगलं शिकवलं होतं. मुलीने मान खाली घातली आणि फाईल उघडली. दहा मिनिटांचं काम.

तिने लेकीला फोन लावला. "उद्यापासून चौकातून जाऊ नकोस. लांबच्या रस्त्याने जा."

"बरं," लेक म्हणाली.

खिडकीखाली ऑफिसं सुटल्याची गर्दी होती. कितीतरी स्कूटरींवर पुढे पोरं उभी होती. त्यांच्या घरचा एकही नंबर तिच्याकडे नव्हता.