मनगटावरची पांढरी भुकटी

परवा इंदापुरात मुलीच्या मोडलेल्या हाताला डॉक्टर प्लास्टर घालत होते, तेव्हा तो चुन्यासारखा वास आला आणि बारामतीतली बॉक्सिंगची जिल्हा स्पर्धा आठवली. सर्वांत वरच्या वजनगटात आम्ही दोघंच, म्हणून थेट फायनल. जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार होता. समोरच्या, सणसर गावच्या गड्याचा उजवा ठोसा बसला की माणूस उठत नसे. ग्लोव्हज चढवताना त्याच्या मनगटावर मला पांढरी भुकटी दिसली, हाच वास आला. हातावरच्या पट्टीत यानं प्लास्टर भरलंय, ठोसा उगाच एवढा जड नाही, असं मनानं घेतलं आणि मी पंचांना पट्टी सोडायला लावली. “सायेब, पट्टी नका सोडू,” तो म्हणाला, तसा माझा संशय पक्काच झाला. पट्टीत काहीच निघालं नाही. नुसता वाळलेला, बोटांपाशी सुजलेला हात. मोडलेल्या हाताचं प्लास्टर त्यानं सकाळीच घरी कापून काढलं होतं. स्पर्धेच्या डॉक्टरांनी त्याला बाद केलं, मी न खेळता जिंकलो. “मला इचारायचं तरी व्हतंस,” जाताना तो एवढंच म्हणाला. पुढं तो कुठल्याच स्पर्धेत दिसला नाही. परवा मुलीचा हात धरून बसलो होतो, तेव्हा कळलं, विचारलं असतं तरी मी त्याचं खरं मानलं नसतं.