दसऱ्याचं तेल आणि वाचनालयाचं दार

आमच्या जुन्या वाचनालयाचं सागवानी दार फरशीखालच्या स्प्रिंगमुळे आपोआप मिटायचं. मी तिथला साधा कारकून, पण आत शिरल्यावर माझ्यामागे ते दार हळूच मिटलं की नाटकातला राजा व्हायचो! यंदा ते अडकलं. इंग्रजांच्या काळातली ती स्प्रिंग भंगारात काढायची का, हे बघायला म्हातारे मिस्त्री आले. फरशीतलं स्प्रिंगवरचं पितळी झाकण काढून त्यांनी आत बोट घातलं.

"हितं करडईचं तेल कुणी वतलं? पार डिंक झालाय की!"

दर दसऱ्याला पूजा करून समईतलं उरलेलं तेल मीच आत ओतायचो.

"मीच, मामा. भक्तीनं."

"लई भक्ती केलीत, साहेब!"

त्यांनी रॉकेलने स्प्रिंग धुतली, यंत्राचं तेल भरलं. दार पूर्वीच्याच डौलात मिटलं. स्प्रिंग वाचली. मिस्त्रींनी मला दम भरला, "आता दसऱ्याला नुसतं फूल वाहा. तेबी झाकणावर!"