वांग्याच्या वाफ्यावर क्यामेरा

आमच्या गल्लीत किस्से साठत न्हाईत बगा, उगवतात! परसात तन उगवतं ना, तसं. एक उपटाया जावं तर त्याच्या मुळाला धरून दुसरं वर येतं. अन आमच्या संजूनं परसात मशिनी बसवल्यापासून तर इचारूच नका.

मी पारूबाई, कन्नड मुलखाच्या शिवंवरल्या हुलसूरची. शाळा चौथीपर्यंत, ती बी अर्ध्यात सुटली. मास्तर म्हनायचे, "ही आली की वर्ग हसतो, न्हाई आली की शिकतो." गल्लीत सगळे मला अक्का म्हनतात. शेजारची कस्तुरा तेवढी पारू म्हनती, कारन ती माज्याहून थोरली. वय मातर माज्याहून कमी सांगती!

संजू माजा लेक. बेंगळूरला कंप्युटरात हाय. माज्या गुडघ्याचं आपरेशन झालं तवा आला, अन परसात काय काय बसवून गेला. बारक्या बारक्या नळ्या, त्यातनं झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पानी पडतं. मातीत खुपसायची एक कांडी, ती ओल किती हाय ते माज्या बी अन त्याच्या बी फोनवर सांगती. अन भिंतीवर क्यामेरा. त्यातनं तो बेंगळूरहून बघतो बी, अन बोलतो बी!

जाताना बोट दाखवून म्हनला, "माय, डाक्टरनं वजन उचलू नको म्हनलंय. ज्या दिवशी क्यामेऱ्यात तुज्या हातात बादली दिसली, त्या दिवशी गाडी घिऊन येतो. घराला कुलूप, अन तू बेंगळूरला. कायमची!"

बेंगळूरचं त्याचं घर लई वरच्या माळ्यावर. मी राहून आलेय. बाल्कनीत एक तुळस, ती बी उन्हासाठी मान वाकडी करून बसलेली. शेजारीन लिफ्टमधी हसती, लिफ्टच्या बाहेर वळखत न्हाई. मी तिथं खोडी काढू कुनाची? लिफ्टची? म्हनून ठरवलं, काय बी होऊ दे, बादलीसंगट दिसायचं न्हाई.

*

कांडी मातीत खुपसली की फोन टिंग करतो. पानी कमी, पानी बरोबर, पानी जास्त, असं सांगतो. मी कौतुकानं कस्तुराला दाखवलं. ती म्हनली, "मातीत बोट घालून कळत न्हाई काय ग तुला?"

मला राग आला. पन मी राग दाखवत न्हाई, वापरते.

त्याच दिवशी तिच्या घरी जेवायला बसले. कस्तुराचं वरन तुमी बगितलं न्हाई. वाढलं की वाटीच्या बुडावरचं नाव वाचता येतं! मी पदराखालून कांडी काढली, धुऊन पुसून आनली होती, अन वाटीत उभी केली.

फोन टिंग झाला. त्याच्यामागं लगेच संजूचा फोन. "माय! वाफ्यात पानी लई झालंय! मुळं कुजतील! आधी पानी बंद कर!"

मी फोन कस्तुराच्या कानाला लावला. म्हनलं, "ऐक. बेंगळूरपर्यंत कळलं!"

*

झाडाचा फोटो काढला की रोग सांगनारं एक ॲप बी हाय. मिरचीचा फोटो काढला, तर मावा पडलाय म्हनलं. खरंच पडला होता. म्हंजे ॲप हुशार.

कस्तुराचा नवरा शिवाप्पा अण्णा. आधी बस चालवायचे. आता बाज सुद्धा हलवत न्हाईत. ओसरीत सावलीला दिसभर झोप, दाढी पांढरी फेक वाढलेली, अंगावर हिरवी शाल. मला ऱ्हावलं न्हाई. काढला फोटो!

ॲप जरा येळ गरगरलं, अन लिहून आलं: "पांढरी बुरशी. ऊन कमी पडत आहे. रोप उन्हात हलवा. वाढलेला भाग छाटून टाका."

मला वाटलं कस्तुरा हसंल. तिनं दोनदा वाचलं, अन न्हाव्याला बोलावनं धाडलं. मग तिनं अन सुनेनं मिळून बाज उचलली, अण्णासकट, अन अंगनात उन्हात आनून ठेवली. अण्णाला जाग आली ती वस्तऱ्याखाली.

"काय करायलाव हे?"

"इलाज!" कस्तुरा म्हनली. "हलू नका. छाटनी हाय."

दुसऱ्या दिवशी ॲपनं इचारलं, "रोपात सुधारणा दिसली का?" कस्तुरानं अण्णाकडं पायापासून डोक्यापर्यंत बगितलं. मग माज्या हातातला फोन घेतला अन "थोडीशी" वर बोट दाबलं.

*

तेच ॲप रोज सकाळी एक सल्ला देतं. एक दिस आलं, "झाडांशी रोज प्रेमाने बोला."

कस्तुराच्या घरी फरशी. झाड कुठलं? म्हनून ती माज्या परसात यायली, अन माज्या वांग्यासंगं बोलायली. प्रेमानं कसलं! सुनेच्या कागाळ्या. "ऊन वर आल्यावर उठती. भाकर तव्यावर, अन ध्यान फोनात. काय म्हनावं ग बाई?" ऐकून ऐकून वांगी होती त्याच्याहून काळी पडली.

त्या क्यामेऱ्यातनं बोलता येतं, हे तिला तवा ठाऊक नव्हतं. मी सैपाकघरात फोन उघडला, बटन दाबलं, अन गळ्यातनं घोगरा आवाज काढला.

"कस्तुरा... पारूची कढई परत कर..."

कस्तुरा जागच्या जागी थिजली. वांग्याला हात जोडले, अन चप्पल तिथंच टाकून घराकडं पळाली. मी पोट धरून हसायले.

जरा येळानं आली. कढई राखंनं घासून लख्ख केलेली. वांग्याच्या बुडाशी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मी हसत हसत बाहेर आले, सगळं सांगितलं, बटन दाखवलं, अन कढईला हात घातला.

कस्तुरानं माजं मनगट धरलं. "हात लावू नको! ज्यानं मागितली त्याला दिलीय!"

*

संजू काम करता करता फोनात परस बगतो. माज्या हातात बादली दिसती काय, ह्याच्यावर नजर. एकदा त्याला बादलीच्या जागी शेळी दिसली. कस्तुराची शेळी, माज्या मेथीत!

क्यामेरा वरडायला लागला. "हट! हट! ए! गो! गो!"

शेळीनं मान वर करून क्यामेऱ्याकडं बगितलं. मेथी चावत चावत. मग दुसरा वाफा धरला.

कस्तुरा भिंतीवरून म्हनली, "संजू, तिला तुजं मराठी कळत न्हाई गा! भालकीच्या बाजारातनं आनलीय. कन्नडात बोल!"

क्यामेऱ्यानं घसा खाकरला. मग जोरात, "नडी! होरगे नडी!" म्हंजे चल, बाहेर हो!

शेळीनं एकच उडी मारली, भिंतीच्या पलीकडं!

संध्याकाळी संजूचा फोन. आवाज बारीक.

"माय, मी तवा मीटिंगमधी होतो. समोर मोठे साहेब बसले होते. कन्नडवाले."

"मग?"

"गेले की उठून बाहेर."

*

येळवस म्हंजे येळ अमावस्या, आमच्याकडचा मोठा सण. सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोप करायची, पूजा करायची, पालेभाजी-शेंगांची भज्जी खायची, आंबील प्यायची, अन शेवटाला "ओलगे ओलगे" म्हनत शेताच्या चारी अंगानं आंबील शिंपडायची. काळी माय, म्हंजे जमीन, पोटभर धाली पायजे.

यंदा गुडघ्यानं शेत दाखवलं न्हाई. म्हनून परसातच येळवस केली. पन वाफ्या-वाफ्यातनं तांब्या घिऊन फिरायचं कुनी? अन घरात एवढी मशीन असताना खामखा कामून फिरायचं?

आंबिलीची घागर नळ्यांच्या टाकीत वतली. कस्तुरा "ओलगे ओलगे" म्हनली, मी फोनवर बटन दाबलं. काय सांगू! प्रत्येक झाडाच्या बुडाशी पांढरा शुभ्र थेंब! टमाट्याला आंबील, दोडक्याला आंबील, कढीपत्त्याला आंबील! कस्तुराच्या डोळ्यात पानी आलं.

मग नुसतं फुस्स झालं. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, सगळं नळ्यात जाऊन बसलं.

संजूला न सांगता बसवकल्याणहून मिस्त्री बोलावला. त्यानं नळी कापली, वास घेतला.

"अक्का, खत कुठलं सोडलाव?"

"घरचं हाय."

त्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं. जरा इचार केला.

"मीठ कमी पडलंय."

दोन गिलास पिऊन गेला. जाताना म्हनला, "नळ्या सगळ्या नव्या घालाव्या लागतील. मागवतो. तवर पानी हातानं घाला."

*

हातानं म्हंजे बादलीनं. बादली म्हंजे बेंगळूर.

पन वांगी फुलावर आली होती. त्यांना कसं वाळू देऊ? मी काठीनं क्यामेऱ्याचं तोंड वाफ्यावरनं कट्ट्याकडं फिरवलं. शेतातलं बुजगावनं आनलं, कट्ट्यावर बसवलं. माजं हिरवं लुगडं नेसवलं. डोकं मडक्याचं, त्याच्यावर पदर. पाठ क्यामेऱ्याकडं. अन मी भिंतीच्या आडून हळूहळू बादल्या न्यायले.

पयल्या दिवशी क्यामेरा बोलला, "शाबास माय! असंच निवांत बसून ऱ्हा!"

दुसऱ्या दिवशी बोलला, "माय, जेवलीस काय?" मडकं काय बोलंल? "माय? ऐकू येत न्हाई काय?" मी बादली घिऊन भिंतीआड. तोंड उघडावं तर आवाज भलतीकडून यायचा!

संजू घाबरला. कस्तुराच्या बटनाच्या फोनवर फोन लावला. "मावशी, माय कालपासून हलत बी न्हाई, बोलत बी न्हाई. जरा बगा की!"

कस्तुरा धावत आली. कट्ट्याकडं बगितलं. मग भिंतीआड माज्याकडं बगितलं, माज्या हातातल्या बादलीकडं बगितलं. मी तोंडावर बोट ठेवलं.

कस्तुरा बुजगावन्याच्या शेजारी बसली. मडक्याला हात लावून म्हनली, "ताप न्हाई बाबा."

"मग बोलत कामून न्हाई?"

"रुसलीय. तू बेंगळूर बेंगळूर लावलास ना गा, तवापासून घास उतरत न्हाई तिला." अन पदरानं मडक्याचे डोळे पुसले!

मग आवाज आला, रडका. "माय, न्हाई नेत बेंगळूरला. तुजी शप्पत. तिथंच ऱ्हा."

मडकं गप.

"पानी घालायला बाई लावतो. बादलीचं नाव काढनार न्हाई. बोल की माय!"

कस्तुरानं मला डोळ्यानं खुनावलं, बोल की आता. मी मान हलवली. हातानंच थांब म्हनलं, अजून काय देतो बगू.

"माय, तुला पायजे तरी काय? सांग, लगेच पाठवतो!"

कस्तुरानं मडक्याच्या तोंडाला कान लावला. मान हलवत हलवत सगळं ऐकून घेतलं. मग क्यामेऱ्याकडं वळून म्हनली, "म्हनती, कस्तुराला एक चांगला फोन घिऊन दे."